वरच्या सुराच्या आधी

काल तुम्हाला पोचवून आलो, सेन्सेई. घरी आल्यावर मंदारने आम्हाला दाराबाहेरच थांबवलं आणि अंत्यविधीच्या हॉलवाल्यांनी दिलेली मिठाची पुडी फोडून तिघांच्या खांद्यांवर चिमूट चिमूट मीठ टाकलं. इथली, जपानची पद्धत. आमच्याकडे स्मशानातून आल्यावर आंघोळ करतात, तीही मी केली. दोन्ही देशांचं समाधान झालं. माझं काही झालं नाही, म्हणून ईशाला शाळेत पाठवून सकाळीच लिहायला बसले.

मराठीतच लिहितेय. तुम्हाला मराठीतला एकच शब्द यायचा, तोही माझ्यामुळे. पण ते तुम्ही कधी अडचण म्हणून धरलं नाहीत. 'अर्थ नंतर सांग, आधी मोठ्याने वाच, आवाज कुठे पडतो ते ऐकू दे,' असं म्हणायचात. जर्मन भूमिका तुम्ही अशाच पाठ केल्या होत्या, आधी कानाने, मग डोक्याने. तेव्हा लिहून झालं की मोठ्याने वाचेन. खालच्या मजल्यावरचे काय म्हणायचं ते म्हणोत.

आठवतं ना, आपली भेट कशी झाली ते? त्या वर्षांत टोकियोजवळच्या या ग्योतोकुमध्ये सारखं आमच्याकडचं एखादं नवं कुटुंब उतरायचं. नवरा कुठल्यातरी बँकेच्या कॉम्प्युटर प्रोजेक्टवर, बायकोच्या बॅगेत प्रेशर कुकर आणि वाळवलेला कढीपत्ता. आम्ही त्यातलेच. मंदार सकाळी तोझाई लाइनची लोकल पकडून ओतेमाचीला जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा, आणि मधला अख्खा दिवस मी आणि कडेवरची ईशा. कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा, एवढंच माझं जपानी. पण 'फुकट' आणि 'गाणं' हे दोन शब्द मला वाचता यायचे, आणि ते दोन्ही एकाच कागदावर लायब्ररीच्या फलकाला लावलेले दिसले. रविवारी दुपारी मंदारला ओढत घेऊन गेले.

मला ऑपेरातलं ओ की ठो कळत नव्हतं. जाड बायका उंच आवाजात किंचाळतात, एवढीच माझी समजूत. पुण्यात आमच्या बाईंकडे मी बारा वर्षं गाणं शिकले होते. माझा गळा बेताचा, पण कान पक्का. बाई तोंडावर सांगायच्या, 'वैदेही, तू गाऊ नकोस गं फारशी, तू ऐक. ऐकणाऱ्या फार थोड्या असतात.' मी तेव्हा रडले होते. तर असा तो कान घेऊन मी त्या लहानशा हॉलमधल्या घडीच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर ईशा, हातात तिचा खाऊचा डबा.

आणि तुम्ही आलात. उंच, हाडापेराने थोराड, पांढऱ्या केसांची अमेरिकन बाई, साधा काळा झगा, पायात चपट्या चपला. पियानोवर जवळच्या शाळेतल्या एक बाई होत्या. तुम्ही पहिला सूर लावलात आणि ईशाला खाऊ भरवणारा माझा हात तिथल्या तिथे थांबला. माइक नव्हता. आवाज कुठून येतोय तेच कळेना. समोरून यावा तर तो बाजूने, वरून, खुर्चीखालून येत होता. मी पुण्यात भलेभले ऐकलेत, पण माणसाच्या अंगातून एवढी मोठी गोष्ट इतकी सहज बाहेर येताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटचं गाणं ते नवरीचं. तेव्हा मला ते नवरीचं आहे हेही माहीत नव्हतं. गाणं हळूहळू वर चढत गेलं, आणि अगदी माथ्याशी येऊन तुम्ही थांबलात. पियानोही थांबला. पुढचा सूर कुठे आहे ते सगळ्या हॉलला दिसत होतं, तुम्हाला तर दिसतच होतं, आणि तरी तुम्ही तिकडे जायची घाई करत नव्हतात. श्वास घेतलात, तोही ऐकू आला. आणि माझा हात वर गेला आणि तोंडून खणखणीत निघून गेलं, 'वा.'

जपानी माणूस मान वळवून बघत नाही, पण त्याची पाठ ताठ होते. एवढ्या पाठी एकदम ताठ झालेल्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मंदारने ईशाला उचललं आणि तो एक खुर्ची सोडून पलीकडे जाऊन बसला, जणू ही बाई कोण मला ठाऊक नाही. मग तुमचा तो वरचा सूर आला. लागला, पण काठाशी थोडा उसवला. माझ्यासारखीला ते कळलं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी पायात बूट घालून पळायच्या बेतात होते, तोच तुम्ही समोर. मी वाकून वाकून सुमिमासेन, सुमिमासेन सुरू केलं. तुम्ही इंग्रजीत म्हणालात, 'माफी नको. तू जे बोललीस तो शब्द आहे का?'

मी सांगितलं, आमच्यात दाद देतात. आवडलं की गाणं चालू असतानाच देतात.

'पण तू सुराच्या आधी दिलीस.'

'हो.'

'का?'

काय सांगणार? एवढं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, 'ते तिथेच होतं.'

तुम्ही म्हणालात, 'लोक नेहमी वरच्या सुराला टाळ्या देतात.' आता इथे शहाण्या माणसाने हसून नमस्कार करून घरी जावं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, 'वरचा सूर ठीकच होता.' मंदारने डोळे मिटून घेतले. आणि तुम्ही हसलात, सेन्सेई, असं गडगडून हसलात की खुर्च्या आवरणारी माणसं थांबली. हसणं ओसरल्यावर तुम्ही सांगितलंत की आजचा कार्यक्रम शेवटचा होता. तो सूर नीट आला नाही तर लोकांपुढे गाणं बंद करायचं, असं तुम्ही मनाशी ठरवून आला होतात, आणि तो नीट आला नव्हता. 'मंगळवारी घरी ये,' एवढं म्हणून तुम्ही पियानोवाल्या बाईंना निरोप द्यायला गेलात.

त्या मंगळवारचे किती मंगळवार झाले. तुमच्या घरी आल्यावर मला कळलं की इचिकावात राहणाऱ्या या बाई केवढ्या मोठ्या आहेत, आणि तेही तुम्ही सांगितलं नाहीत, भिंतीवरच्या फोटोंनी सांगितलं. तुम्ही हकीकत कधी सरळ सांगायच्या नाहीत. तातामीच्या चटईवर आडव्या पडून, पोटावर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून श्वासाचा सराव करताना मधेच एखादा तुकडा सांगायचात. पिशवी वर जायची, खाली यायची, आणि तुम्ही बोलत असायचात. ईशा तुमच्या शेजारी पोटावर पोह्यांचं पाकीट घेऊन पडायची. तिला ती झोपायची पद्धत वाटायची.

तुमचं अमेरिकेतलं गाव म्हणजे सपाट शेतांचा मुलूख, डोंगर औषधाला नाही. वडील धान्याच्या कोठारांची देखभाल करायचे. उन्हाळ्यात रिकाम्या झालेल्या त्या उंच गोल कोठारात तुम्ही लहानपणी एकदा शिरलात आणि सूर लावलात. तो वर गेला, वरून परत आला आणि तुमच्या डोक्यावर बसला. 'देव मला चर्चमध्ये भेटला नाही, तिथे भेटला,' असं म्हणायचात, 'आणि त्याचा सूर पक्का होता.' मग जर्मनी. लहान लहान गावांतली थिएटरं, आज राणी, उद्या मोलकरीण, परवा मुख्य गायिकेचा घसा बसला म्हणून रात्रीत पाठ केलेली नायिका. मोठ्या थिएटरांत अधूनमधून बोलावणं यायचं, तेही कोणी आजारी पडलं की. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटलं? तुमच्या तोडीच्या बायका किती पुढे गेल्या. पोटावरची पिशवी तशीच वर गेली, खाली आली. 'मी कुठेही गायले तरी त्या कोठारातच गात होते,' तुम्ही म्हणालात.

आणि तो किमोनोचा किस्सा. तो तर मी आमच्या इथल्या मराठी मंडळात इतक्या वेळा सांगितलाय की बायका म्हणतात, पुरे आता. एका इटालियन ऑपेरात जपानी नवरीचं काम तुम्ही युरोपात वर्षानुवर्षं केलंत. मग त्याच भूमिकेसाठी जपानचा दौरा निघाला. तालमीचा पियानो वाजवायला केनजी-सान होते, पुढे तुमचे यजमान झाले ते; मी त्यांना भिंतीवरच्या फोटोतच पाहिलं. पहिल्याच तालमीत ते पियानोवरून उठून आले आणि 'चोत्तो' म्हणाले, म्हणजे जरासं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोत्तो. स्पष्ट काही बोलवेना बिचाऱ्यांना. शेवटी मान खाली घालून त्यांनी सांगितलं की तुम्ही किमोनोची उजवी बाजू वर घेऊन नेसताय, आणि तशी ती फक्त प्रेताला नेसवतात. 'पहिल्या अंकात माझं लग्न,' तुम्ही सांगायचात, 'आणि मी सगळ्या जर्मनीत प्रेतासारखी सजून बोहल्यावर उभी. एकालाही कळलं नाही.' ज्याला कळलं त्याच्याशी तुम्ही लग्न केलंत आणि इथेच राहिलात. किस्सा संपवताना शेवटी हमखास म्हणायचात, 'एक दिवस मात्र ते जर्मन बरोबर ठरतील.'

मला वाटायचं, तुमच्यामुळे थक्क व्हायचं तेवढं होऊन झालंय, आता काही उरलं नाही. मग तुम्ही मला पुलाखाली नेलंत.

तुमच्या घराच्या भिंती पातळ. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याने कधी तक्रार केली नाही. पण तुम्ही गायला लागलात की ते अदबीने टीव्ही बंद करतात, हे तुमच्या लक्षात आलं, आणि तेवढं तुम्हाला सोसेना. म्हणून भरल्या आवाजाचा सराव तुम्ही म्योदेन स्टेशनच्या पुढे, एदोगावा नदीच्या काठी, तोझाई लाइनच्या पुलाखाली करायचात. वरून गाडी आली की गायचं, गाडी गेली की थांबायचं. म्हणजे कोणाला त्रास नको. मला वाटलं, काय हा वेडेपणा.

गाडी आली. डोक्यावर नुसता धडधडाट. तुम्ही तोंड उघडलंत, बरगड्या फुगल्या, गळ्याची शीर दिसली, पण ऐकू मला काहीच येईना. आणि मग गाडी पुढे गेली, आवाज पाण्यावरून लांब लांब विरत गेला, आणि त्याच्या खालून तुमचा सूर निघाला. तो आत्ता सुरू झालेला नव्हता. तो मघापासून तिथेच होता, तेवढाच भरलेला, तेवढाच स्थिर, फक्त वरचं ओझं निघून गेलं होतं. तुम्ही तो हलकेच मिटवलात आणि पर्समधून पाण्याची बाटली काढलीत.

'लोकांपुढे गायचं नाही, लोकांना ऐकू येऊ द्यायचं नाही,' मी म्हटलं, 'मग हा आटापिटा कशाला?'

'तुझ्या पुण्याच्या बाई पहाटे उठून कोणासाठी गायच्या?' तुम्ही विचारलंत.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. ते शेवटपर्यंत चाललं, आणि आता ते मला एकटीलाच चालवायचंय. पुढच्या मंगळवारी मी माझा इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊन आले होते. तुम्ही त्याला कान लावून बराच वेळ बसलात, मग विचारलंत, 'सा कुठे?'

'तुमच्या गळ्याला सोयीचा असेल तिथे.'

'पण ठरवतं कोण?'

'तुम्हीच.'

तुमच्या चेहऱ्यावरचा तो धक्का मी विसरणार नाही. उभ्या आयुष्यात तुमचा सूर तुमच्या जन्माआधीच कोणीतरी ठरवून ठेवला होता. मी मग आमच्या बाईंचं सांगितलं. तरुणपणी काळी चारच्या उंच पट्टीतून गायच्या. पुढे वय झालं तशा काळी तीनवर आल्या, मग काळी दोनवर. आवाजाला कंप आला, दम पुरेना, दोन ओळींच्या मधे शिष्येने सूर धरून ठेवायचा. आणि गर्दी मात्र वाढत गेली. लोक म्हणायचे, बाई आता कुठे गायला लागल्यात.

'तुमचे लोक खोटं छान बोलतात,' तुम्ही म्हणालात.

'खोटं नाही. सूर खाली आला, गाणं वरच राहिलं. तुम्हीही सा खाली घ्या.'

'चढता येत नाही म्हणून कोणी डोंगर बुटका करतं का?'

'डोंगर कोण म्हणालं? घर आहे ते. गुडघे दुखायला लागले की माणूस तळमजल्यावर राहायला येतो.'

तुम्ही ईशाला म्हणालात, तुझी आई वकील हवी होती. ईशा जपानीत काहीतरी म्हणाली आणि तुम्ही दोघी हसलात. मला कळलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत.

मला एकच हवं होतं, सेन्सेई. तुम्ही एकदा, फक्त एकदा, माणसांपुढे पुन्हा गावं. त्या रविवारी तुम्ही उसवलेल्या सुरावर शेवट करून निघून गेलात, हे मला घशात काटा अडकावा तसं टोचायचं. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला मी दरवर्षी तुम्हाला गळ घालायची. कम्युनिटी सेंटरचा हॉल, मागे पोरांचा धिंगाणा, बटाटेवडे गार होताहेत, तरी म्हणायची, या, गा, आमची माणसं समजून घेतील. एका वर्षी तुम्ही चिडलात. खऱ्याखुऱ्या चिडलात. 'समजून घेतलेलं गाणं मला नको,' म्हणालात. 'म्हातारी गायिका ही दया करायची वस्तू नाही.' मी पण ऐकून घेणारी नव्हे. म्हटलं, 'दया कोण करतंय? तुम्हालाच तुमचा वरचा सूर गाण्यापेक्षा मोठा वाटतो.' पुढचे दोन मंगळवार मी गेले नाही. तिसऱ्या मंगळवारी तुमचा फोन आला, 'आल्याच्या वड्या संपल्या.' बस, एवढंच. मी लगेच आलं किसायला घेतलं.

यंदा पावसाळ्यानंतर तुमचा श्वास तोकडा पडायला लागला. तांदळाची पिशवी पाच किलोची दोन किलोची झाली, मग कोपऱ्यात गेली. डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही मला हवापाण्याच्या बातम्यांसारखं सांगितलंत. आणि दिवाळी झाल्यावर एका दुपारी फोन केलात, 'पुलाखाली ये. तुझी पेटी आण.' तंबोऱ्याला तुम्ही इंग्रजीत 'बॉक्स' म्हणायचात, म्हणजे पेटीच.

मी धावत पोचले तेव्हा तुम्ही घडीच्या खुर्चीवर बसला होतात, मांडीवर शाल. थोड्या अंतरावर एक आजोबा पाण्यात गळ टाकून बसले होते. मी तुम्हाला खुणेने दाखवलं, माणूस आहे. तुम्ही म्हणालात, 'दिसतोय मला.' पेटी हातात घेतलीत आणि बटण स्वतः फिरवलंत, खाली, आणखी खाली, जिथे तुमच्या गळ्याला बरं वाटलं तिथे थांबलात.

आणि गाडीची वाट न बघता तुम्ही गायलात. तेच नवरीचं गाणं. बसून, शाल पांघरून, तळमजल्यावरून. आवाज पूर्वीचा उरला नव्हता, त्याला चिरा गेल्या होत्या आणि चिरांमधून गाणं दिसत होतं. आजोबांनी गळ खाली ठेवला आणि हात गुडघ्यांवर घेऊन नीट बसले. गाणं चढत चढत त्या जागी आलं आणि तुम्ही थांबलात. तेच थांबणं. तीच घाई नसणं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझी वाट बघत होतात, सेन्सेई. मला कळत होतं की त्या जागी तुम्ही माझ्यासाठी पाट मांडला आहे.

आमच्या बाई सांगायच्या, दाद आधी दिली तर लाचारी, नंतर दिली तर रीत, वेळेवर दिली तरच ती गाण्यात जाऊन बसते. बारा वर्षांत मी त्यांच्याकडून तेवढी एकच विद्या नीट उचलली. आणि तिथे, पुलाखाली, माझे ओठ हलले, आवाज फुटला नाही. तुम्ही थांबलात, थांबता येईल तेवढं थांबलात, मग पुढच्या सुरावर गेलात. तेवढ्यात वरून गाडी आली. त्या धडधडाटात मी ओरडले, 'वा.' पुन्हा ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही. गाडी गेली तेव्हा तुमचं गाणं संपलं होतं.

आजोबांनी उठून वाकून नमस्कार केला आणि पुन्हा गळ उचलला. मी डोळे पुसत म्हटलं, 'गायलात की नाही माणसांपुढे?'

'हा सराव होता,' तुम्ही धापा टाकत म्हणालात.

'समोर माणसं होती.'

'एक वेडी आणि एक कोळी.'

'म्हणजे मैफल झाली.'

तुम्ही हात उडवलात. 'मंगळवारी ये, तेव्हा भांडू.' मंगळवारी तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात, नाकाला नळी, बोलायची बंदी. मी फक्त हात धरून बसले. माझी दाद ऐकू आली का, हा एक प्रश्न विचारायचा राहिला. बोलता न येणाऱ्या माणसाला काय विचारायचं, म्हणून मी विचारलं नाही, आणि पुढच्या मंगळवारपर्यंत तुम्ही राहिला नाहीत.

काल हॉलमध्ये केनजी-सानांच्या पुतण्याने, तोशियो-सानांनी, सगळं इथल्या रीतीने केलं. शवपेटीतल्या तुम्हाला शेवटची फुलं वाहायला आम्हाला पुढे बोलावलं. पांढरा किमोनो होता. उजवी बाजू वर. जर्मन बरोबर ठरले, सेन्सेई. मला हसू आलं आणि ते बाहेर पडता पडता रडण्यात गेलं. फुलांच्या मधे, तुमच्या हाताशी, मी आल्याच्या दोन वड्या ठेवल्या. खाऊ ठेवलेला चालतो असं तोशियो-सान म्हणाले.

मग आम्ही आपापल्या जागी बसलो आणि त्यांनी तुमचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं, जर्मनीतलं, तुम्ही पस्तिशीच्या असतानाचं. नवरीचं गाणं. काय आवाज होता तो. मी एवढी वर्षं तुमच्या शेजारी बसून मुळ्याच्या कोशिंबिरी केल्या, तुमच्याशी भांडले, तुम्हाला वड्या खायला घातल्या, आणि कोणाशी एवढ्या सलगीने वागत होते हे मला काल कळलं. एकही चीर नाही, कुठे जोर नाही, नुसतं कोठार भरून वाहतंय. आणि ते गाणं चढायला लागलं तसं माझ्या लक्षात आलं की ती जागा आता येणार. चारी बाजूंना काळ्या कपड्यातली माणसं, ताठ पाठी, भटजी समोर. मी ओठ दाबून धरले. हे ठिकाण नव्हे, वैदेही. निदान आज तरी नव्हे.

तुम्ही थांबलात. पस्तिशीतही तसंच थांबायचात. श्वास घेतलात, तोही मुद्रणात आला होता. माझ्या हाताला ईशाने चिमटा काढला. ती आता तिसरीत आहे, माझ्याशी जपानीतच बोलते. 'आई,' ती कुजबुजली, 'इमा.' आत्ता.

माझा हात वर गेला, आणि मी म्हटलं, 'वा.'

पाठी ताठ झाल्या असतील, मी बघितलं नाही. मंदार माझ्या शेजारीच होता, जागचा हलला नाही. आणि मग तुमचा तो वरचा सूर आला. चांगला होता, सेन्सेई, फारच चांगला होता. पण मी दाद आधीच देऊन बसले होते.